चार्ली सिफर्डचीही आठवण ठेवावी

महोदय,

गोल्फचा विषय निघाला की आपल्याकडे लेखणी टायगर वूड्सपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. त्याच्या मुलाचं नाव चार्ली आहे. ते ज्यांच्यावरून ठेवलं, त्या चार्ली सिफर्ड यांच्याविषयी मात्र मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही.

१९२२ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेले सिफर्ड लहानपणी कॅडी होते. इतरांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकले. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत तेव्हा ‘सदस्यत्व फक्त गोऱ्यांना’ असं कलमच होतं. (पाळली जाणारी रूढी नव्हे, चक्क लेखी नियम!) त्यामुळे उमेदीची वर्षं कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र स्पर्धांत गेली. तिथली राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी सहा वेळा जिंकली. ते कलम १९६१ मध्ये रद्द झालं, तेव्हा सिफर्ड एकोणचाळीस वर्षांचे होते.

पुढेही शिवीगाळ, धमक्या होत्याच. तरी १९६७ मध्ये हार्टफर्ड ओपन आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिस ओपन या स्पर्धा त्यांनी जिंकल्या. मास्टर्स या गोल्फमधल्या मानाच्या स्पर्धेचं आमंत्रण मात्र शेवटपर्यंत आलं नाही. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला १९७५ साली, ली एल्डर. २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामांनी सिफर्डना सर्वोच्च नागरी सन्मान दिला आणि काही महिन्यांतच ते गेले.

किताब मोजणाऱ्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे दोनच विजय दिसतात. चाळिशीनंतरचे. मास्टर्सच्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर त्यांच्यासाठी एक रकाना ठेवावा, एवढीच विनंती.

– एक वाचक, नाशिक