पाड्यालाही जनगणनेत नाव हवे

महोदय,

2011च्या जनगणनेत मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर प्रगणक होतो. कुडाच्या घरासमोर बसून माणसं लिहून घेताना एका आजीने विचारलं, "गुरुजी, आमच्या पाड्याचं नाव लिवलं ना?" मी हो म्हणालो. पुढे आकडे जाहीर झाले, त्यात पाडा कुठेच नव्हता.

कारण जनगणनेचा सहा अंकी कोड मिळतो तो महसुली गावाला, म्हणजे सरकारी दप्तरी गाव म्हणून नोंद असलेल्या गावाला. पाडे, वाड्या, वस्त्या त्याच्याच बेरजेत जातात. हा पाडा गावठाणापासून चार किलोमीटर, मध्ये ओहोळ. गावात नळ आहे, शाळा आहे असं नोंदलं, की कागदावर ते पाड्यालाही मिळालं. प्रत्यक्षात पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून ओहोळ पार करावा लागतो. पाण्याच्या अर्जासोबत आमच्याकडे पाड्याची लोकसंख्या मागितली गेली, ती आणायची कुठून? शिवाय पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी, त्यामुळे 2011चं आमचं गाव आजही ठाण्याच्या यादीत शोधावं लागतं.

2027ची जनगणना मोबाइलवर होणार आहे. मग प्रत्येक पाड्याला गावाच्या कोडखाली स्वतःचा उपक्रमांक देणं अवघड नाही. आकडेही पाड्यानिहाय प्रसिद्ध व्हावेत. ग्रामसभांनी आपापल्या पाड्यांची यादी ठराव करून तहसीलदारांकडे आत्ताच द्यावी. प्रगणक दारात आल्यावर फार उशीर झालेला असेल.

– एक निवृत्त शिक्षक, ता. जव्हार, जि. पालघर