सभासदांना ताळेबंद दाखवा

संपादक साहेब, मी नाशिकमधल्या एका व्यावसायिकांच्या संस्थेचा जुना सभासद. संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली रजिस्टर आहे, ऑडिट रिपोर्ट धर्मादाय ऑफिसला जातो, पण आम्हाला एजीएमला (वार्षिक सभेला) हिशेबाचं फक्त एक पान मिळतं. तरुण मंडळी मेंबरशिप रिन्यू करत नाहीयेत, वर्गणी आटली, सगळा खर्च एफडीच्या व्याजावर चाललाय आणि व्याज पुरलं नाही की एफडीच मोडतात, ह्याची मला खरंच फार काळजी वाटते कारण तो पैसा आजीव सभासदांनी एकदाच भरलेला आहे आणि त्यांना सेवा मात्र आयुष्यभर द्यायचीय. हॉलचं भाडं येतं थोडंफार. गरजू विद्यार्थ्यांची स्कॉलरशिप बंद करायच्या आधी निदान ३ वर्षांचा ताळेबंद सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा.

एक आजीव सभासद, कॉलेज रोड, नाशिक