‘छान’ म्हटल्याने फोटो सुधारत नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

फोटो दाखवून ‘कसा वाटला?’ असं विचारलं की बहुतेक वेळा ‘अप्रतिम’ किंवा ‘नाही जमला’ एवढंच उत्तर येतं. पहिल्याने मन सुखावतं, दुसऱ्याने खट्टू होतं; पण पुढच्या वेळी कॅमेरा हातात घेतल्यावर नेमकं काय बदलायचं, हे दोन्हींतून कळत नाही. फोटोवर बोलणं हे फोटो काढण्याइतकंच शिकण्याजोगं काम आहे. हौशी छायाचित्रकार ते मनावर घेत नाहीत, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

सुरुवात विचारणाऱ्यापासून करावी लागेल, कारण ‘कसा वाटला?’ हा प्रश्नच फार ढोबळ आहे. फोटोसोबत तीन गोष्टी लिहाव्यात: काय दाखवायचं होतं, शटर (उजेड किती वेळ आत आला), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि फोकल लेंथ (लेन्स दूरचं किती जवळ आणते) किती होती, आणि स्वतःला शंका कुठे आहे. ‘पावसात धावणारी मुलं आहेत, वेग दिसावा म्हणून शटर मुद्दाम १/१५ सेकंद ठेवलं, डावीकडच्या मुलीचा चेहरा पुरेसा ओळखू येतो का?’ असं विचारलं, तर ‘फोटो हलला आहे’ हे सांगण्यात कुणी वेळ घालवणार नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि तिच्यातली कॅमेऱ्याची माहितीही गळून पडते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मूळ रूपात पोचते. दाबलेल्या फाइलवरून बारीक तपशिलाबद्दल मत देणं व्यर्थ आहे.

आता मत देणाऱ्याकडे वळू. त्याने आधी निर्णय देऊ नये, आपल्याला काय दिसलं ते सांगावं. ‘नजर पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिशवीवर गेली, मग चेहऱ्यावर आली’ हे वाक्य दहा कौतुकांपेक्षा मोलाचं आहे. फोटो काढणाऱ्याला ती पिशवी दिसतच नसते. प्रसंग त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो आणि चौकटीबाहेरचा आनंदही तो फोटोत धरून चालतो. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवरच्या चर्चेसाठी चार टप्प्यांची रीत मांडली: पाहणाऱ्यांनी काय पोचलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, नंतर पाहणाऱ्यांनी ज्यांत मत दडलेलं नाही असे प्रश्न विचारायचे आणि अगदी शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन, मत द्यायचं. रीत नृत्यासारख्या कलेतून आली असली तरी फोटोला ती चपखल बसते. ‘इतका काळोख का ठेवलास?’ यात मत दडलेलं आहे. ‘सावलीच्या भागात काही दिसावं असा विचार होता का?’ यात ते नाही.

सर्वांत जास्त गोंधळ ‘शार्प नाही’ या शेऱ्याने होतो. अस्पष्टपणाची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. कारण न सांगता शेरा मारला तर समोरचा भलतंच दुरुस्त करत बसतो. फोटो पडद्यावर १०० टक्के झूम करून पाहावा. स्थिर वस्तूंसकट सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसलं, दिव्याच्या ठिपक्याची छोटी रेघ झाली, तर हात हलला आहे. शटर निदान फोकल लेंथच्या व्यस्त प्रमाणात हवं: फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो) ८५ मिमी लेन्सला साधारण १/१०० सेकंद, लहान सेन्सरच्या म्हणजे १.५ पट क्रॉप असलेल्या कॅमेऱ्यावर १/१२५ किंवा त्याहून जलद. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस तेवढा पुसट असेल तर माणूस हलला. तिथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) उपयोगी पडत नाही, शटरचा वेगच वाढवावा लागतो. कान स्पष्ट आणि डोळा पुसट असेल तर फोकस चुकला. फुल-फ्रेमवर ८५ मिमी, एफ/१.८ (एफपुढचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर मोठं) आणि दोन मीटर अंतर असताना स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं चित्र स्पष्ट येतं ती, जेमतेम सहा सेंटिमीटर असते, त्यामुळे फोकस धरल्यावर माणूस किंचित पुढे झुकला तरी डोळा निसटतो. फोकस योग्य असूनही सगळीकडे सारखाच मऊपणा असेल तर ॲपर्चर पाहावं. एफ/२२ वर प्रकाशाच्या विवर्तनामुळे बारीक तपशील विरघळतो, एफ/८ किंवा एफ/११ वर परत या असं सांगावं. आणि फोनवरचा फोटो धुरकट, दिव्यांभोवती पसरट वलयं, असं असेल तर बहुतेकदा लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असतो. स्वच्छ मऊ फडक्याने पुसायला सांगणं हाच पूर्ण अभिप्राय.

उजेड आणि रंगांबद्दल बोलण्याआधी स्वतःचा पडदा तपासावा. फोनचा ब्राइटनेस कमी असेल किंवा रात्रीचा पिवळसर मोड चालू असेल, तर ‘फोटो काळा आहे, पिवळा आहे’ हे मत फोनबद्दलचं ठरतं. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला, हे मात्र पडद्यावर अवलंबून नाही. चौकटीत पांढरं जास्त असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला करडं करू पाहतो, म्हणून अशा वेळी एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) अधिक द्यावा. काळी पार्श्वभूमी मोठी असेल तर उलट. रंग एकदम फिके, निर्जीव दिसत असतील तर फाइल ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत सेव्ह झाली आहे का, हे विचारावं. पडद्यावर पाहायच्या फोटोला एसआरजीबीच योग्य.

रचनेबद्दल बोलताना ‘रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम) पाळलेला नाही’ हे वाक्य टाळावं. विषय मध्यभागी आहे यात दोष नसतो. मध्यभागी ठेवल्याने काय बिघडलं, ते दाखवता आलं तरच बोलावं. त्यापेक्षा चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवावी: अर्धवट कापलेला हात, कडेला उजळ ठिपका, डोक्यातून उगवलेला खांब, कललेली पाण्याची रेषा. खांब असेल तर ‘अर्धं पाऊल डावीकडे’ एवढं सांगणं पुरतं. विचारल्याशिवाय दुसऱ्याचा फोटो क्रॉप करून परत पाठवू नये. आणि एका वेळी फार तर तीन मुद्दे. चौथ्यानंतर ऐकणारा फक्त दोष मोजत राहतो. व्यक्तिचित्रात उजेड, क्षण, पार्श्वभूमी यांवर बोलावं, त्या व्यक्तीच्या रूपावर नव्हे.

ऐकणाऱ्यानेही थोडं सोसावं लागतं. पहिलं उत्तर खुलाशाचं नसावं. ‘तिथे जागाच नव्हती’ हे खरं असेल, पण पाहणाऱ्याला जागा दिसत नाही, फोटो दिसतो. तीन जण एकाच जागी अडखळले तर अडचण तिथेच आहे असं धरावं, मग त्यांनी सुचवलेले उपाय परस्परविरोधी का असेनात. उपाय आपण शोधायचा. आलेले मुद्दे दोन भागांत लिहून ठेवावेत. क्रॉप (कडा कापणं), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगछटा जुळवणं), सावल्या उजळणं हे संगणकावर सुधारतं, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर बरंच. फोकस, हललेला हात, उभं राहण्याची जागा आणि क्षण यांसाठी पुन्हा फोटोच काढावा लागतो. दुसऱ्या भागातली एकच गोष्ट पुढच्या वेळी मनात धरून बाहेर पडावं.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. छायाचित्र स्पर्धांच्या निकालांत क्रमांक छापला जातो, त्याखाली ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ असतो, आणि बाद झालेल्यांना कारण कधीच समजत नाही. विजेत्या फोटोखाली परीक्षकांची दोन वाक्यं आणि शटर-ॲपर्चर-आयएसओ छापावेत. त्याशिवाय थोडक्यात हुकलेला एक फोटो, काढणाऱ्याची संमती घेऊन आणि नाव न देता, नेमका कशाने हुकला ते सांगून छापावा. जागा कमी पडत असेल तर पहिल्या क्रमांकाचा फोटो एक स्तंभ लहान केला तरी चालेल.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी वाचक