कोठडीतील मारहाणीच्या प्रकरणांत पूर्ण कागद न्यायालयापर्यंत पोहोचावेत, यासाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार,

परभणीतील कोठडी मृत्यूच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांवर ठपका ठेवला होता. तरीही नुसता गुन्हा नोंदवून घेण्यासाठी मृताच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये तसा आदेश झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९६ अशी चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे सोपवते, पण अहवालानंतर पुढे काय करायचे, याबद्दल ते काही बोलत नाही. माणूस मार खाऊन जिवंत सुटला, तर ही चौकशी आपोआप सुरूही होत नाही.

न्यायाधीश निःपक्षपाती असले तरी त्यांच्यासमोरचा कागद बहुधा पोलिसांनीच तयार केलेला असतो. रिमांडच्या, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचे की नाही हे ठरवण्याच्या सुनावणीच्या वेळी ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारतात, तेव्हा ज्यांच्याविषयी तक्रार करायची तेच शेजारी उभे असतात आणि परत जायचे असते त्यांच्याच कोठडीत. आरोपी ‘नाही’ म्हणतो, रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) ‘तक्रार नाही’ अशी ओळ पडते आणि खटला संपेपर्यंत तीच त्याच्याविरुद्ध वाचून दाखवली जाते. म्हणून रिमांडच्या आधी वकिलाने त्याला एकट्याला भेटणे फार महत्त्वाचे आहे.

मुका मार आधी लाल, मग निळा-जांभळा दिसतो. पुढे हिरवट, पिवळा पडून साधारण दोन आठवड्यांत नाहीसा होतो. मार तळपायांवर असला, तर ते तपासलेच जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने (१९९६) कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे तपासणी अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला मिळायला हवी. ती त्याच दिवशी मागा. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाचाच परमवीर सिंग सैनी निकाल (२०२०) सांगतो. मिळते ते ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर. त्यामुळे चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात न्यायालयात पडला पाहिजे.

वकिलाची फी ही मुख्य अडचण नाही. कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. पैसा अडतो तो प्रमाणित नकला, कुटुंबाचा खंडपीठापर्यंतचा प्रवास, चित्रणाच्या प्रतीसाठी हार्ड डिस्क आणि भाषांतर यांत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रती २ रुपये पानाने मिळतात. पण उच्च न्यायालयासाठी मराठी जबाब, पंचनामे आणि रोजनामा इंग्रजीत करून द्यावे लागतात. त्यात एखाद्या जखमेची जागा चुकली तरी सगळ्या जबाबावर संशय घेतला जातो.

आपल्या तालुक्यातील अशा कुटुंबांसाठी आमची समिती निधी उभारत आहे. शंभर रुपयेही चालतील, पण प्रत्येक देणगीची पावती घ्या. राजकीय पक्षांकडून आणि चालू खटल्यातील कोणत्याही पक्षकाराकडून आम्ही पैसे घेणार नाही. या निधीतून मोर्चा निघणार नाही, कोणा न्यायाधीशावर पत्रकही निघणार नाही. आरोप खोटा असेल तर पोलिसालाही हेच कागद सोडवतील.

न्यायवैद्यक जाणणारे डॉक्टर आणि अटकेनंतरच्या पहिल्या २४ तासांत येऊ शकणारे वकील हवे आहेत. भाषांतरकारांची गरज सर्वांत तातडीची आहे. आठवड्याला दहा पाने करून देणाऱ्यांनीही नाव नोंदवावे. देणगी आणि नावनोंदणी समितीच्या कार्यालयात, न्यायालयाच्या कामकाजाच्या दिवशी सायंकाळी ६ ते ८.