दोनशे गुंठे, मुक्काम मिसूरी

स्प्रिंगफील्ड, मिसूरी
रविवार, १२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि सौ. आईस
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तब्येत उत्तम, खाणंपिणं वेळेवर, लॅबमधल्या पाळ्या नेहमीच्याच. परवा फोनवर जमिनीचं बोलणं अर्धवट राहिलं. बाबांना नीट ऐकू येत नव्हतं, आई मधेच सापांवर गेली आणि पुनर्विकासासाठी घर रिकामं करणारा दादा मागून म्हणाला, "ती तिकडे जंगल घेतेय, इकडे खोकी मी बांधतोय." म्हणून लिहूनच कळवते. बाबा, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात, तेव्हा ही निमतान्याला, म्हणजे फेरतपासणीला, आलेली मोजणी समजा आणि त्रुटी काढायच्या त्या काढा. नकाशा मोठा करून सोबत जोडला आहे, चष्मा लावून बघा.

व्यवहार झाला. पाच एकर, चोवीस हजार डॉलरला. गुंठ्याला दहा-साडेदहा हजार रुपये पडले. कर्ज एक पैशाचं नाही. स्प्रिंगफील्डपासून आग्नेयेला सव्वा तासावर, ओझार्कच्या टेकड्यांत. अर्धी जमीन ओक आणि हिकरीच्या झाडांखाली आहे, अर्धी गवताळ, उतार दक्षिणेकडे. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबले होते, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता तुमचे प्रश्न. सातबारा इथे नाही, तलाठीही नाही. काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कचेरीत रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे खरेदीखत नोंदवायचं, झालं. पण नोंद झाली म्हणजे मालकी पक्की असं सरकार म्हणत नाही. (सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे हे तुम्ही निम्म्या मुळशीला सांगत फिरलात, तेव्हा तुम्हाला नवल वाटणार नाही.) म्हणून मधे टायटल कंपनी असते. ती मागची सगळी खतं चाळते, बोजा आहे का, कर थकलाय का, कोणी वारस राहिलाय का ते बघते आणि मग मालकीचा विमा उतरवते. आपला वकील सर्च रिपोर्ट देतो तसंच, फक्त इथे शोधात काही सुटलं तर भरपाई कंपनी देते. जुन्या मालकाचं बँकेचं कर्ज होतं, ते फिटल्याचा कागद नोंदवून घेतल्याशिवाय मी सही केली नाही. जमिनीखालचं खनिज वेगळं विकलेलं असू शकतं, तेही तपासून घेतलं. विकलेलं नाही.

लिलावातली जमीन नाही ना, असं तुम्ही दोनदा विचारलंत. नाही. थकलेल्या करासाठी इथे ऑगस्टच्या चौथ्या सोमवारी काउंटीत लिलाव होतो आणि मोबाइलवर त्याच्या 'मातीमोल भावात जमीन' अशा जाहिराती येत राहतात. त्या वाटेला मी गेलेच नाही. मूळ मालकाला ती सोडवून घ्यायची मुदत असते, पुढे टायटल साफ करायला कोर्टात जावं लागतं. एवढा वेळ माझ्याकडे नाही.

वहिवाटीचं मात्र तुमच्यामुळे वाचले. आधी एक तुकडा बघितला होता, याहून स्वस्त, खाली ओढा, बघताच मन बसावं असा. रस्ता शेजाऱ्याच्या कुरणातून जात होता. एजंट म्हणाला, इतकी वर्षं कोणी अडवलेलं नाही. मी म्हटलं, कागद दाखवा. कागद नव्हता. आत्ताच्या जमिनीला काउंटीचा खडीचा रस्ता लागून आहे, त्यामुळे कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. मधे एका ठिकाणी रस्ता ओढ्यातूनच जातो, पूल नाही. म्हणून मुद्दाम मोठ्या पावसानंतर बघायला गेले होते. पाणी चढतं आणि काही तासांत उतरतं. आई, त्या काही तासांत मी पलीकडेच थांबेन, गाडी घालणार नाही.

बाबा, तुम्हाला खरी गंमत मोजणीची वाटेल. इथे गट नंबर नाहीत. १७८५च्या कायद्याच्या पद्धतीने इकडचा सगळा मुलूख चौकोनांत पाडलाय. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. त्याचा चतुर्थांश १६०, त्याचा चतुर्थांश ४०, असं करत खाली यायचं. माझ्या खतात लिहिलंय: ईशान्य चतुर्थांशाच्या नैऋत्य चतुर्थांशाच्या आग्नेय चतुर्थांशाचा पूर्वेकडचा अर्धा भाग. क्रमाने वाचत या, पाच एकर निघतात. टेकडी असो, दरी असो, रेघ सरळ. इकडच्या मोजणीचा आरंभबिंदू खाली आर्कान्सातल्या एका दलदलीत आहे. १८१५ साली तिथून साखळी टाकत माणसं निघाली ती इथवर आली. आणि साखळी होती ६६ फुटांची, म्हणजे तुमच्या ३३ फुटीच्या बरोबर दुप्पट! माझी जमीन ३३० फूट बाय ६६०. तुमच्या साखळीने दहा बाय वीस. दोनशे गुंठे, एक आणा इकडे नाही की तिकडे नाही. ही आकडेमोड मी कॅल्क्युलेटरशिवाय केली, हे आईला सांगा.

मोजणीदार लायसनवाला आणला होता. जीपीएसची काठी घेऊन आला आणि पालापाचोळा उकरून कोपऱ्यातली लोखंडी सळई दाखवली. पश्चिमेचं जुनं तारेचं कुंपण आपल्या हद्दीत ११ फूट आत आहे. बांध कोरण्याचा प्रकार नाही, कोणी तरी कधी तरी झाडं बघून तार ओढली एवढंच. पण उघड ताब्याची मुदत आपल्याकडे १२ वर्षं तशी इथे १०. म्हणून सही व्हायच्या आधीच शेजाऱ्याकडून हद्द मान्य असल्याचं लिहून घेतलं. म्हातारा गृहस्थ आहे, एकटाच राहतो, लगेच सही केली आणि वर स्वतःच्या मधाची बाटली दिली.

त्यानेच जांभळ्या रंगाचं सांगितलं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदा बघून मला वाटलं की झाडांना काही रोग झालाय. रस्त्याने जाताना ओळीने झाडं, प्रत्येकाच्या खोडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा. वनखात्याचं काही असेल म्हणावं, तर कुंपणाच्या लाकडी खांबांवरही तेच. तर हा कायदा आहे, मिसूरीचा, १९९३ सालचा. जांभळा पट्टा म्हणजे 'आत येऊ नये'. पाटीला जी किंमत, तीच पट्ट्याला. तोही कसाही ओढून चालत नाही. पट्टा निदान आठ इंच लांब हवा, त्याची खालची कड जमिनीपासून तीन ते पाच फुटांच्या मधे हवी आणि दोन पट्ट्यांत शंभर फुटांहून जास्त अंतर नको. पाट्या शिकारी लोक काढून टाकतात, नाहीतर त्यांच्यावर नेम धरतात. रंग कोण काढणार? आणि लाकूडतोडीच्या खुणा दुसऱ्या रंगांच्या असतात, त्यामुळे घोटाळा होत नाही. इथल्या दुकानात या कामासाठी वेगळा डबा मिळतो. एकही अक्षर न लिहिता माणसाला हाकलता येतं, हे सदाशिव पेठेत कोणाला पटणार नाही. मी पण डबा आणलाय. परिघ १९८० फूट, म्हणजे वीस पट्टे पुरतात. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होण्याआधी ओढून टाकेन. आई, शिकार म्हटल्यावर लगेच घाबरू नकोस. त्या दिवसांत मी तिकडे फिरकणार नाही, आणि गेलेच तर भगवं जाकीट घालून, ते लांबूनही दिसतं.

सापांचं: आहेत. कॉपरहेड म्हणतात, विषारी असतो, पण अंगावर येत नाही. गवत कापून ठेवायचं, बूट घालायचे. त्रास खरा गोचिडांचा, त्यासाठी फवारा मिळतो.

घराचं. चाकांवरचं घेणार नाही. ते रस्त्याच्या नियमामुळे खास परवान्याशिवाय साडेआठ फुटांपेक्षा रुंद करता येत नाही आणि कागदोपत्री गाडीत मोडतं. आपलं जमिनीवरचं, १६ बाय २४, म्हणजे ३८४ चौरस फूट. ४००च्या आतलं घर इथे 'टायनी' धरतात. आई म्हणाली, "एवढ्याशा खुराड्यात कशी राहशील?" कोथरूडच्या ४८० फुटांत आपण चौघं राहिलो, वर दर मे महिन्यात आत्या तिच्या मुलांना घेऊन यायची, तेव्हा खुराडं कोणी म्हणालं नाही. सांगाडा सीमूर गावाच्या बाजूचे आमिश पंथाचे सुतार करून देतात. स्वतः घोडागाडीने फिरतात, घरात वीज घेत नाहीत, पण सुतारकामात त्यांचा हात धरणारा नाही. इथे जमीन गोठते, म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. तो खर्च मी सुरुवातीलाच धरलाय. पाण्याला बोअर, चुनखडीतून खाली जावं लागेल, तोपर्यंत टाकी. वीज सहकारी संस्थेची आहे, मीटर घेतला की आपण सभासद. बाबा, वार्षिक सभेची नोटीससुद्धा येते, कोरम आणि सगळं. काउंटीत झोनिंग (कुठे काय बांधायचं याचे नियम) नाही, त्यामुळे एवढ्याशा घराला कोणी हरकत घेत नाही. गावात असते तर किमान क्षेत्रफळाच्या नियमात अडकले असते. सांडपाण्याचा खड्डा कुठे घ्यायचा ते माती तपासून ठरेल. हे मात्र आधी बघायचंच असतं. माती पाणी पीत नसेल तर दहा एकर असूनही साधा खड्डा चालत नाही.

आणि 'हेच पैसे इकडे लावले असते' याबद्दल. बाबा, तुम्हीच सांगा कुठे लावू. शेतजमीन मला परदेशात राहून घेता येत नाही, फेमाच्या (आपल्या परकीय चलन कायद्याच्या) नियमात फार्महाऊससुद्धा बसत नाही. तुम्ही जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात, पण आपल्या नावावर सातबारा नाही, म्हणजे शेतकरी दाखला नाही, म्हणजे तुम्हालाही घेता येत नाही. वेल्ह्याकडच्या (आता राजगड म्हणायचं) त्या डोंगर दाखवणाऱ्या प्लॉटच्या जाहिराती दादा मला पाठवतो. त्यातला तो अकरा गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदीत अडकू शकेल, हे तुम्हीच त्याला सांगितलंत ना? मग मला का बोलता?

आई, तू विचारलंस, "म्हणजे आता परत यायचं नाही, असंच ना?" जमीन घेतली म्हणून काही बदलत नाही. दर वर्षी येते तशी येईनच. भाड्याच्या घरात अठरा वर्षं काढली तेव्हाही कोणी मला इथली समजलं नाही, तर पाच एकरांनी काय होणार! तुमचा व्हिसा दहा वर्षांचा आहे, तो वाया घालवू नका. पुढच्या ऑक्टोबरात या. ना थंडी, ना उकाडा, आणि बाबांच्या गुडघ्यांसाठी विमानतळावर व्हीलचेअर सांगता येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरं रिकामी करताना माळ्यावरची साखळी भंगारात देऊ नका. दादा देईल, त्याच्यावर लक्ष ठेवा.

पैशांचं. नव्या घरात जादा दीडशे फूट घ्यायचे, त्यातला माझा वाटा मी कबूल केला होता तेवढाच देणार आहे. जमिनीसाठी त्याला हात लावलेला नाही. निम्मे या महिन्यात येतील, उरलेले मार्चमध्ये. मार्चपर्यंत का, तर बोअरवाल्याला आगाऊ द्यायचे आहेत. बिल्डर थांबणार नसेल तर तसं कळवा, बोअर पुढे ढकलेन, खरंच. भाड्याचा चेक येईपर्यंत दादाने स्वतःच्या खिशातून किती घातले ते त्याने सांगितलेलं नाही, वहिनीला विचारून मला कळवा.

मुक्ताच्या साखरपुड्याला येता येत नाही, रजा शिल्लक नाही. लग्नाला नक्की, तिकीट बघतेय. केळवण माझ्यासाठी ठेवू नका म्हणावं. तिची पैठणी माझ्याकडून, रंग तिचा तिने ठरवावा, आईने नाही.

आत्याने सांगितलेल्या शिकागोच्या गृहस्थांशी बोलले. माणूस बरा आहे, मुलगी कॉलेजात जाते. जमिनीचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "रीसेल काय येईल?" पुढे बोलणं झालेलं नाही. आत्याला मी फोन करते, तुम्ही काही बोलू नका.

बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळचीच ना? दादा म्हणाला रात्रीची. एकदा चिठ्ठी बघा.

तुमची,
नीलू

ता. क. शेजाऱ्याने विचारलं, जमिनीला नाव काय देणार. इथे फाटकावर नाव लावतात. दोन-तीन सुचवून ठेवा, देवाचं नको.