शिष्यवृत्ती मंजूर, पण जमा कुठे?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये प्रवेशाच्या दिवसांत आम्ही महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. योजना पुष्कळ आहेत. गाडी अडते ती बँक खात्यावर आणि ओटीपीवर.

पासबुकावर आधार क्रमांक नोंदला म्हणजे काम झाले, असे घरोघर समजतात. तसे नाही. ती झाली केवायसी, म्हणजे ओळख पटवणे. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा एनपीसीआय या देशाच्या पेमेंट महामंडळाच्या नोंदीत जी बँक असेल तिथेच जातो, आणि तिथे एका आधारापुढे एकच बँक राहते, शेवटी जोडलेली. शाळेत असताना गावात काढलेले खाते, मग कॉलेज रोडवर नवे. मधल्या एखाद्या फॉर्मवर संमतीची टिकमार्क केली की नोंद हलते. मूल जुने पासबुक भरून आणत राहते आणि पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतात. ते खाते बंद असेल तर रक्कम परत जाते. काही खाती ‘स्मॉल अकाउंट’, म्हणजे पूर्ण केवायसीशिवाय उघडलेली असतात. त्यांत सरकारी अनुदान सोडून 50,000 पेक्षा जास्त शिल्लक चालत नाही आणि वर्षात 1 लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही, हे शाखेतही आपणहून कोणी सांगत नाही.

*99*99*1# डायल करून आधार क्रमांक टाकला की कोणती बँक जोडली आहे ते कळते. काम मिनिटभराचे. प्रवेशाच्या सुविधा केंद्रात कागदपत्रे तपासतानाच ही तपासणी सक्तीची करा. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातून त्यालाच कॉलेजची फी भरायची असते. खाते चुकले तर तगादा त्याच्याच मागे. ती योजना सामाजिक न्याय विभागाची, हे मान्य. पोर्टल मात्र एकच आहे.

दुसरे, ओटीपी. सुरगाणा-पेठ या दुर्गम तालुक्यांकडच्या मुलांच्या आधारला बहुतेक वडिलांचा नंबर असतो. मूल नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरून सायबर कॅफेत बसलेले, फोन गावी, त्यात रेंज नाही. कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज त्रुटीसाठी परत आला तर तो मेसेजही तिकडेच. आईवडिलांचा आणि मुलाचा, असे दोन नंबर घ्या. मेसेजमध्ये नेमकी त्रुटी लिहा. ‘कागदपत्र अयोग्य’ म्हणजे उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपला, की नॉन क्रिमिलेअरचा (आरक्षणासाठी लागणारा) दाखला, हे कळायला नको का?

आता फी. 2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची 100 टक्के सवलत आहे. चांगला निर्णय. पण विकास शुल्क, वसतिगृह, मेस त्यात नाही, आणि ‘मोफत शिक्षण’ ऐकून आलेला बाप खिडकीवर चक्रावतो. प्रवेशाच्या पावतीवरच तीन आकडे छापायला लावा: एकूण फी, शासन भरणार ती रक्कम, पालकाने आज भरायची रक्कम. बँकेलाही तोच कागद उपयोगी पडेल. आज पूर्ण फी धरून कर्ज काढले जाते, शिष्यवृत्ती मागाहून येते, आणि तोवरचे व्याज कुटुंबाच्या माथी.

पुढील प्रवेश फेरीपूर्वी निदान सुविधा केंद्रांना खाते तपासण्याचे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपले,
शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते, नाशिक