नाकातल्या गाठींवर अर्धवट माहिती नको

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला नाकातल्या गाठी दुर्बिणीने काढण्याच्या ऑपरेशनवरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण ‘चिरा नाही, टाका नाही’ असं ठळक छापताना ते कोणत्या गाठीला लागू आहे, हे सांगायला नको होतं का? इन्व्हर्टेड पॅपिलोमासारखी साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली गाठ दुर्बिणीने निघते; तीही मुळासकट काढली नाही तर परत येते आणि काही जणांत तिचा कॅन्सर होतो. निवडक रुग्णांत कॅन्सरची गाठही आता दुर्बिणीने काढतात, हे मान्य. पण ती तोंडातल्या टाळूत किंवा गालाच्या हाडात पसरली असेल तर वरचा जबडा काढावा लागतो, पुढे बहुतेकांना रेडिएशनही घ्यावं लागतं. त्याला तुम्ही एक ओळ दिलीत!

माझे थोरले बंधू सुतार. आयुष्य लाकडाच्या भुशात गेलं. एकाच नाकपुडीतून रक्त यायचं, तीच बाजू चोंदायची. सायनस आहे म्हणून गोळ्या आणि थेंब चालू राहिले. मग वरच्या दाढा हलू लागल्या, त्या काढून टाकल्या. जखम भरेना, तरी तुकडा तपासायला पाठवावा असं कुणाला सुचलं नाही. गाल बधिर झाला, डोळा पुढे आला, तेव्हा कुठे सीटी स्कॅन आणि बायॉप्सी! कॅन्सर निघाला; ऑपरेशनमध्ये अर्धी टाळू गेली. आता ते ऑबट्युरेटर, म्हणजे टाळूची भोकं बुजवणारी कवळीसारखी प्लेट लावतात. ती काढली की प्यायलेलं पाणी नाकातून येतं आणि त्यांचं बोलणं घरच्यांनाही कळत नाही. या प्लेटबद्दल लेखात अक्षर नाही.

लाकडाच्या धुळीने नाकाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलं आहे. आमच्या भागातल्या एकाही फर्निचर कारखान्यात कामगाराच्या तोंडाला मास्क दिसत नाही. एकाच बाजूने नाक चोंदत असेल, रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्या, एवढं तरी चौकटीत छापा.

आणि त्याच पानावर ‘नाकातलं वाढलेलं मांस ऑपरेशनशिवाय घालवा’ ही थेंबांची जाहिरात कशी घेतलीत? बंधूंनीही असलेच थेंब घातले होते. पुढच्या पुरवणीत ती जाहिरात दिसू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, इचलकरंजी